'द ऑक्स-बो इन्सिडेंट': एका रात्रीत तीन माणसं फासावर कशी गेली, एक प्रकरण अभ्यास

प्रकरण कुठलं

हे प्रकरण एका जुन्या वेस्टर्न सिनेमातलं आहे. 'द ऑक्स-बो इन्सिडेंट', साल १९४३, ब्लॅक अँड व्हाइट, लांबी जेमतेम ७५ मिनिटं, दिग्दर्शक विल्यम वेलमन आणि मुख्य भूमिकेत हेन्री फोंडा. वेस्टर्न म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उघडं माळरान, धुळीतून धावणारे घोडे आणि शेवटी रस्त्यात समोरासमोर उभे दोन पिस्तूलवाले येतात, तर तसलं यात जवळजवळ काहीच नाही. यात एक बातमी येते, गाव चिडतं, रात्री लोक निघतात आणि उजाडताना तीन माणसं झाडाला लटकतात. ती तिन्ही निर्दोष असतात. शेवट आधीच सांगून टाकला कारण तो माहीत असल्याशिवाय मधल्या निर्णयांकडे नीट बघताच येत नाही, ज्यांना कोरा बघायचाय त्यांनी आधी सिनेमा बघा आणि मग इथे या.

मी हा बऱ्याच वेळा बघितलाय आणि दर वेळी एकच प्रश्न घेऊन बघते, की नक्की कुठल्या मिनिटाला हे थांबवता आलं असतं. सिनेमात नावं बरीच आहेत आणि ती डोक्यात राहत नाहीत, म्हणून इथे माणसांना त्यांच्या कामावरून ओळखूया: दुकानदार, डेप्युटी (म्हणजे गावच्या पोलीस अधिकाऱ्याच्या, शेरीफच्या, हाताखालचा माणूस), जज, मेजर, मेजरचा मुलगा, दोन फिरस्ते गुराखी. तसंही या प्रकरणात कोण कोणत्या जागी उभा होता हेच महत्त्वाचं आहे.

पार्श्वभूमी

आधी सिनेमा कसा झाला ते थोडक्यात, कारण त्याचा प्रकरणाशी संबंध आहे. वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्क यांची कादंबरी १९४० मध्ये आली. वेलमनला ती इतकी भिडली की त्याने हक्क स्वतःच विकत घेतले, पण इतकी काळीकुट्ट गोष्ट, हिरो कुणाला वाचवत नाही, प्रेमकथा नावाला, यावर पैसा लावायला स्टुडिओवाले तयार होईनात. शेवटी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या डॅरिल झॅनकने हो म्हटलं, पण त्या बदल्यात वेलमनने स्टुडिओ सांगेल ते सिनेमेही करून द्यायचे असं ठरलं आणि बजेट आखडतं ठेवलं गेलं. मग बरंचसं शूटिंग स्टुडिओच्या छपराखाली, रंगवलेल्या आभाळासमोर झालं, जिथे फाशी दिली जाते ती ऑक्स-बो नावाची दरीसुद्धा सेटच आहे. बऱ्याच जणांना हे खटकतं. मला उलट वाटतं, उघड्यावर शूट केलं असतं तर डोंगर दिसले असते, आभाळ दिसलं असतं, श्वास घ्यायला जागा मिळाली असती. इथे ती मिळत नाही, सगळे चेहरे एकमेकांना चिकटून, मागे अंधार, आणि बघणाऱ्याला पण त्या घोळक्यातून बाहेर पडता येत नाही. पैसा नव्हता म्हणून घेतलेला निर्णय या गोष्टीला इतका फिट बसलाय.

फोंडाचा याच्याशी जुना संबंध होता. तो ओमाहा शहरात वाढला, आणि सप्टेंबर १९१९ मध्ये तिथे विल ब्राऊन नावाच्या काळ्या माणसाला जमावाने कोर्टहाऊसमधून ओढून काढून मारलं, कोर्टहाऊस पेटवलं, मध्ये पडलेल्या मेयरलासुद्धा फासावर चढवायचा प्रयत्न झाला. चौदा वर्षांच्या फोंडाने हे वडिलांच्या छापखान्याच्या खिडकीतून बघितलं होतं. हे कळल्यावर सिनेमातला त्याचा चेहरा वेगळा दिसायला लागतो, तो फार बोलत नाही, बघत राहतो.

आता गोष्टीतलं गाव. नेवाडा, १८८५, ब्रिजर्स वेल्स. एक बार, एक दुकान, एक जज, एक शेरीफ. इथल्या लोकांची सगळी मालमत्ता म्हणजे गुरं, आणि गुरांवर मालकाचा डाग असतो, तो डाग म्हणजेच मालकीचा पुरावा. गेले काही महिने गुरंचोरी चाललीय, चोर सापडत नाहीयेत, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याकडे जरा तिरक्या नजरेने बघतोय. यातच फोंडा आणि त्याचा जोडीदार, हे दोन गुराखी, बऱ्याच दिवसांनी गावात येतात आणि बारमध्ये शिरल्या शिरल्या त्यांना जाणवतं की इथली हवा बिघडलीय. बाहेरून आलेले म्हणजे संशयित. कुणी तसं तोंडावर म्हणत नाही पण म्हणायची गरजही नसते.

अडचण

एक पोरगा घोडा दामटत येतो आणि सांगतो की अमुक एका गुरंवाल्याला गोळी घातली, डोक्यात, तो मेला आणि त्याची गुरं नेली. मेलेला म्हणतायत तो माणूस सगळ्यांच्या ओळखीचा, बारमध्ये बसलेल्या एकाचा तर जिगरी दोस्त, तो दोस्त जागच्या जागी पेटतो. दोरी आणा, चला.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा कारण पुढे सगळं तिच्यावर उभं आहे. त्या पोराने प्रेत बघितलेलं नाही. त्याने ऐकलंय. आणि गावात त्या क्षणी एकही माणूस असा नाही ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी काही बघितलंय. दुकानदार, म्हातारा, शांत माणूस, तो त्याला खोदून खोदून विचारायला लागतो की तुला कुणी सांगितलं, कधी, तू तिथे होतास का, पण त्याचे प्रश्न बाकीच्यांना त्या मेलेल्या माणसाचा अपमान वाटतात. मला हा सीन फार खरा वाटतो. दुःखात असलेल्या माणसाला 'तुला कसं माहीत' असं विचारणं कठीणच असतं, आणि नेमका तोच प्रश्न त्या वेळी विचारायला हवा असतो.

दुसरी अडचण म्हणजे शेरीफ गावात नाही. तो कुठे गेलाय? तर त्याच गुरंवाल्याच्या रँचवर, नक्की काय झालंय ते बघायला. म्हणजे अख्ख्या गावातला जो एकच माणूस बातमी खरी की खोटी ते तपासायला गेला होता, त्याच्याच गैरहजेरीचा फायदा घेऊन बाकीचे निघाले. पहिल्यांदा बघताना माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

पर्याय काय काय होते

खरं तर पर्याय चांगले चार होते आणि चारही त्या गावात त्या संध्याकाळी कुणी ना कुणी बोलून दाखवले होते, म्हणजे 'सुचलंच नाही' असं म्हणायला जागा नाही.

एक, थांबायचं, शेरीफ येऊ द्यायचा. दुकानदाराचं हेच म्हणणं. यावर उत्तर येतं की तोवर चोर डोंगर ओलांडून जातील. हे उत्तर खोटं नाही, रात्र पडत होती, खिंड होती, बर्फ पडण्याची शक्यता होती. या पर्यायाची खरंच किंमत मोजावी लागली असती आणि ते मान्य केलं पाहिजे.

दोन, निघायचं पण कायदेशीर तुकडी करून, पकडायचं आणि जिवंत परत आणून खटला चालवायचा. जज हेच सांगतो, जवळजवळ विनवणी करतो. मला सगळ्यात योग्य हा वाटतो, यात पाठलागही होतो आणि चूक दुरुस्त करायला जागाही राहते. पण जजचा गावात वचक नाही. खटले लांबतात, वकील येतात, चोर सुटतात, असा राग लोकांच्या मनात आधीपासून साठलेला आहे, आणि जजचं बोलणं म्हणजे परत तेच रडगाणं असं त्यांना वाटतं.

तीन, पकडायचं आणि तिथेच न्याय करायचा. हा बारमधला पर्याय.

चार, घरी बसायचं. हा फोंडा आणि त्याच्या जोडीदारासमोर होता, पण कागदावरच. ते बाहेरचे, गुरंचोरीचा संशय त्यांच्यावरच, आणि गाव चोराच्या मागे जात असताना हे दोघं मागे राहिले तर? म्हणून ते जातात. त्या माणसाबद्दल त्यांना प्रेम नाही, चोरांबद्दल राग नाही, फक्त आपल्याकडे बोट दाखवलं जाऊ नये इतकंच. मला वाटतं त्या घोळक्यात अशा हिशोबाने आलेले आणखी बरेच असणार. चिडलेले थोडेच असतात, बाकीचे 'आपण नाही गेलो तर बरं दिसणार नाही' म्हणून चालत असतात.

काय घडलं, टप्प्याटप्प्याने

पहिला टप्पा डेप्युटीचा. शेरीफ नाही म्हटल्यावर डेप्युटी पुढे येतो आणि सगळ्यांना हात वर करायला लावून शपथ देतो, की आता तुम्ही सगळे कायद्याची माणसं. डेप्युटीला दुसरे डेप्युटी नेमायचा अधिकारच नाही, हे त्याला तिथल्या तिथे सांगितलंही जातं. पण शपथ झाली. मघाशी जो चिडलेला घोळका होता त्याच्या अंगावर आता सरकारी कपडे चढले, निदान त्यांना तसं वाटायला लागलं. माझ्या मते पहिला खरा निर्णय हा, कारण यानंतर मागे फिरणं म्हणजे शपथ मोडणं झालं.

दुसरा टप्पा मेजरचा. मेजर हा गावाबाहेरच्या मोठ्या घरात राहणारा, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या फौजेचा युनिफॉर्म चढवून येतो, सोबत हळव्या स्वभावाचा तरुण मुलगा, ज्याला यायचंच नाहीये पण बाप त्याला 'मर्द' करायला घेऊन आलाय. हा माणूस लढाईत खरंच होता का याबद्दल गावात कुजबुज आहे, पण समोर बोलायची कुणाची टाप नाही. मेजर शांतपणे सांगतो की माझ्या माणसाने तीन जणांना त्या डागाची गुरं घेऊन खिंडीकडे जाताना बघितलंय. इतका वेळ घोळक्याला दिशा नव्हती, आता दिशा मिळाली, आकडा मिळाला आणि हुकूम देणारा आवाज पण मिळाला. जज म्हणतो, परत आणा, खटला होऊ दे. कुणी नाही म्हणत नाही. हो पण कुणी म्हणत नाही, आणि तो तेवढ्यावर समाधान मानतो.

निघताना एका काळ्या उपदेशकालाही सोबत घेतात. एक टवाळ माणूस त्याला थट्टेत म्हणतो, चल, प्रार्थना म्हणायला कुणीतरी लागेल. आणि तो खरंच येतो, कारण त्याच्या लहानपणी त्याच्या भावाला जमावाने असंच मारलेलं त्याने बघितलंय, आणि मरणाऱ्यांजवळ कुणीतरी असावं असं त्याला वाटतं. घोळक्यात एकटा तोच असा आहे ज्याला शेवटी काय होणार ते निघतानाच माहीत आहे. ओमाहाचं काय झालं ते वाचल्यानंतर फोंडा आणि तो एकमेकांशी बोलतात तो छोटासा सीन माझ्याच्याने सलग बघवत नाही.

तिसरा टप्पा रस्त्यातला, आणि यावर मी फारसं कुठे वाचलेलं नाही म्हणून जरा थांबते. अंधारात समोरून घोडागाडी येते. गाडीवरच्या पहारेकऱ्याला वाटतं हे दरोडेखोर, तो गोळी झाडतो आणि फोंडाच्या जोडीदाराच्या खांद्याला लागते. नंतर उलगडा होतो, हळहळतात, जखम बांधतात, गाडी पुढे जाते. म्हणजे अंधारात लांबून बघून चुकीच्या माणसांना गुन्हेगार समजलं की काय होतं याचा धडा या लोकांना त्याच रात्री, स्वतःच्या अंगावर, गोळीच्या रूपात मिळाला होता. आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. मी तिथे असते तर पडला असता का, हे छातीठोकपणे नाही सांगता येत.

चौथा टप्पा, दरी. तीन माणसं शेकोटीजवळ झोपलेली सापडतात. एक तरुण, घरी बायको आणि दोन मुलं. एक म्हातारा, जरा भ्रमिष्ट. एक मेक्सिकन, हे काम अँथनी क्विनने केलंय आणि काय केलंय. आता प्रामाणिकपणे पुरावा बघूया कारण तो हलका नाही. त्यांच्याजवळची गुरं त्याच डागाची. तरुण म्हणतो मी ती विकत घेतली, पण खरेदीची पावती नाही, मालक म्हणाला नंतर पाठवतो. आपल्याकडे गुरांच्या बाजारात पावती नसताना बैल हाकत निघालेल्या माणसाला रस्त्यात कुणी अडवलं तर त्याचे काय हाल होतील ते विचार करा. मेक्सिकनाजवळ त्याच गुरंवाल्याचं पिस्तूल सापडतं, तो म्हणतो रस्त्यात पडलेलं मिळालं. मध्येच तो पळायचा प्रयत्न करतो, पायात गोळी लागते. आधी इंग्रजी येत नाही असं दाखवतो आणि नंतर उघड होतं की येतं. आणि म्हातारा घाबरून आपल्याच साथीदाराकडे बोट दाखवतो. हे सगळं एकत्र ठेवलं तर संशय येणारच, मलाही आला असता. तिघांना बांधून गावात न्यायला हा पुरावा भरपूर होता. फास द्यायला नव्हता, आणि या दोन्हींमधलं अंतर ओळखणं हेच तर कोर्टाचं काम असतं.

तरुण पुन्हा पुन्हा एकच सांगतो, की कुणाला तरी पाठवून खात्री करा. मेजर नाही म्हणतो. शेवटी मिळतं काय, तर उजाडेपर्यंत वेळ. तेवढ्यात तो बायकोला पत्र लिहितो.

पाचवा टप्पा मतदान. दुकानदार पत्र वाचतो आणि त्याची खात्री पटते की असं लिहिणारा माणूस खुनी नसतो, तो ते सगळ्यांना दाखवायला जातो, पण तरुण चिडतो, हे माझ्या बायकोचं पत्र आहे, यांनी वाचायचं नाही. मग मेजर म्हणतो, ठीक आहे, ज्यांना फाशी नकोय त्यांनी बाजूला या. सात जण जातात. दुकानदार, मेजरचा स्वतःचा मुलगा, उपदेशक, फोंडा, त्याचा जखमी जोडीदार आणि आणखी दोघं. बाकी सगळे जागेवरच उभे राहतात.

पहाटे तिघांना घोड्यांवर बसवतात, दोऱ्या फांदीवरून. खालचे घोडे हाकायला तीन जण नेमले जातात आणि त्यातला एक मेजरचा मुलगा, बापानेच मुद्दाम नेमलेला. त्याचा हात उठत नाही. बाप त्याला पिस्तुलाच्या दस्त्याने मारतो. काम होऊन जातं. उपदेशक गातो.

निकाल

परतीच्या वाटेवर शेरीफ भेटतो. मेला म्हणतायत तो गुरंवाला जिवंत आहे, ज्यांनी गोळी घातली ते पकडलेत. शेरीफ विचारतो हे कुणी केलं. दुकानदार म्हणतो, सात सोडून सगळ्यांनी. शेरीफ डेप्युटीचा बिल्ला काढून घेतो.

मेजर घरी जातो, मुलाला बाहेर ठेवून दार लावून घेतो, मुलगा बाहेरून त्याला जे सुनावतो ते अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात मोकळं बोलणं आहे, आणि मग आतून गोळीचा आवाज. कादंबरीत हे वेगळं आहे, तिथे मुलगाही जीव देतो. सिनेमाने मुलाला जगवलं, मला ते बरं वाटतं.

बारमध्ये सगळे मान खाली घालून ओळीने उभे. विधवेसाठी ५०० डॉलर जमवलेत. फोंडा तरुणाचं पत्र काढतो आणि वाचतो, आणि वेलमनने तो शॉट असा लावलाय की जोडीदाराच्या टोपीच्या कडेने फोंडाचे डोळे झाकलेत, फक्त तोंड दिसतं. पत्रात कायद्याबद्दल आहे, की कायदा म्हणजे पुस्तकातले शब्द किंवा जज-शेरीफ एवढंच नसतं, न्याय काय आणि चूक काय याबद्दल माणसांना आजवर जे जे उमगलं ते सगळं त्यात असतं. कादंबरीत हे पत्र वाचायलाच मिळत नाही, ते पटकथाकार लमार ट्रॉटीने लिहिलं. मरायला बसलेला माणूस बायकोला इतकं तत्त्वज्ञान लिहील का, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी त्या टोपीमुळे मला ते चालतं, डोळे दिसत नाहीत म्हणून भाषण वाटत नाही.

आणि सिनेमाचा निकाल: थिएटरात चालला नाही. युद्धाचे दिवस, कुणाला असलं बघायचं होतं. पण ऑस्करला बेस्ट पिक्चरचं नॉमिनेशन मिळालं, त्या सिनेमाला मिळालेलं तेवढं एकच, आणि त्या वर्षी जिंकला 'कॅसाब्लांका'. १९९८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत गेला.

निर्णयाचे क्षण, परत एकदा

लोक या सिनेमाबद्दल बोलतात तेव्हा मतदानाच्या सीनबद्दल बोलतात, पण माझं म्हणणं आहे की मतदान झालं तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. नाही म्हणायची किंमत दर टप्प्याला वाढत गेली. बारमध्ये 'तू बघितलंस का' एवढं विचारायला लागत होतं फक्त थोडं धाडस. शपथेच्या वेळी उभं राहायला लागलं असतं अधिकाऱ्याविरुद्ध. मेजर आल्यावर, मेजरविरुद्ध. आणि दरीत, रात्रभर थंडीत घोडा हाकून आल्यावर, दोरी फांदीवर पडलेली असताना, 'नको' म्हणायचं म्हणजे इतका वेळ आपण सगळे चुकीचं करत होतो हे कबूल करायचं. तेवढं सात जणांनी केलं हेच खूप म्हणायचं.

आणि मतदानाने अजून एक वाईट गोष्ट केली. त्याआधी एखाद्याला निदान मनात तरी वाटत असेल की हे बरोबर नाही. मतं मोजल्यावर त्याला वाटलं, चला, बहुमत आहे.

इथे मला फोंडाचाच १९५७ चा '१२ अँग्री मेन' आठवतो, ज्याचा हिंदी अवतार 'एक रुका हुआ फैसला' आपल्याकडे बऱ्याच जणांनी बघितलाय तोच. तिथे खटल्याच्या ज्युरीत तो एकटा बाकीच्या अकरा जणांविरुद्ध आणि जिंकतो, इथे सात जण असून हरतात. तिथला माणूस जास्त शूर होता असं मला नाही वाटत. तिथे नियम होता की बारा जणांचं एकमत झाल्याशिवाय निकाल नाही, म्हणून एकट्याचं 'नाही' पण सगळ्यांना थांबवून ठेवू शकत होतं, बोलायला भाग पाडत होतं. दरीत एकमताचा नियम असता तर त्या सातांपैकी एकाच्या 'नाही'वर सुद्धा तिघं सकाळी जिवंत गावात गेले असते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, शेरीफकडे माणूस पाठवणं. शेरीफ रँचवर आहे हे माहीत होतं. संध्याकाळीच एक घोडेस्वार तिकडे पाठवला असता तर पाठलाग पण थांबला नसता आणि खरी बातमी पण आली असती. दरीतसुद्धा उशीर झाला नव्हता, उजाडेपर्यंतचा वेळ होता, तो सगळ्यांनी शेकोटीजवळ खाण्यापिण्यात घालवला. परतीच्या वाटेवर शेरीफ किती लवकर भेटतो ते बघा, म्हणजे खरी बातमी चालत त्यांच्याकडेच येत होती. त्या सात जणांतल्या एकाने मत देण्याऐवजी गुपचूप घोडा काढून रँचची वाट धरली असती तर, हा विचार मला दर वेळी येतो. हे मी त्यांना दोष द्यायला म्हणत नाहीये.

दुसरं, प्रश्न कसा विचारला. मेजरने विचारलं फाशी हवी की नको. 'नको' म्हणजे मग काय, सोडून द्यायचं? हे कुणाला पटणार होतं, समोर डागाची गुरं दिसतायत. दुकानदाराने त्या वेळी 'बांधून गावात न्यायचं की इथेच मारायचं' असा प्रश्न पुढे केला असता तर माझ्या मते सातापेक्षा बरेच जास्त पुढे आले असते. तो मात्र तिघं निर्दोष आहेत हे पटवत बसला, पत्र दाखवत बसला. निर्दोष आहेत हे त्या रात्री सिद्ध होणं शक्यच नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती.

तिसरं, जज. त्याने घराच्या पायरीवरून सांगितलं आणि आत गेला. त्याने घोड्यावर बसून सोबत जायला हवं होतं, वय झालं असलं तरी. दरीत कायद्याचा एक तरी खरा माणूस असता तर डेप्युटीचा बिल्ला इतका चमकला नसता.

चौथं फोंडाचं. तो बघत राहिला, शेवटी अंगावर धावून गेला, मार खाल्ला. पण सुरुवातीला बारमध्ये, घोळका जमत असताना, तो गप्प होता कारण संशय त्याच्यावर यायचा होता. बाहेरच्या माणसाने तिथे बोलणं धोक्याचंच होतं, त्यामुळे ही जबाबदारी गावातल्या लोकांची जास्त आहे, ज्यांना कुणी चोर म्हणणार नव्हतं त्यांची.

हे लिहिताना धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा डोक्यातून जात नाही. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पोट भरायला भिक्षा मागत फिरणारे, मुलं पळवणारी टोळी आलीय या व्हॉट्सॲपवरच्या अफवेवरून ग्रामपंचायतीच्या खोलीत मारले गेले. तिथेही ते बाहेरचे होते. कुणाचं मूल, कधी, तू बघितलंस का, हे प्रश्न तिथेही बाजारातच विचारता आले असते, खोलीचं दार लागायच्या आधी.

सिनेमाच्या शेवटी फोंडा आणि त्याचा जोडीदार घोड्यावर बसतात. पत्र त्या बाईला पोचवायचंय, पैसेही, आणि दोन मुलांकडे कुणीतरी बघायला हवं. सुरुवातीला ज्या रस्त्याने ते आले त्याच रस्त्याने बाहेर पडतात, तेच कुत्रं तसंच रस्ता ओलांडून जातं, आणि बारच्या दारात कुणीच उभं नसतं.